अठराशे चौऱ्याहत्तरचा कारकून

खून आधी सुचला, काळ नंतर शोधावा लागला. दरबारात मोडी लिहिणारा एक कारकून आपल्या खोलीत मेलेला सापडतो. उजव्या हाताची तीन बोटे शाईने माखलेली, शाई अजून ओली, आणि घरात कागदाचा कपटाही नाही. बरेच दिवस माझ्याजवळ एवढेच होते. त्याने काय लिहिले, ते कोणी नेले, त्या लिहिण्यापायी त्याला मरावे का लागले, यातले काही मला ठाऊक नव्हते. आणि असा कारकून ग्वाल्हेरात केव्हाही मरू शकला असता. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला, त्या तळाचेच लष्कर नावाचे शहर झाले, आणि तेव्हापासून १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन होईपर्यंत या शहरात बोरू झिजवणाऱ्या मराठी हातांना तोटा नव्हता. एवढ्या मोठ्या काळात एक मुडदा नेमका कुठे ठेवायचा?

मित्र म्हणाले, तुला आवडतो तो काळ घे. रहस्यकथा लिहिणाऱ्याला याहून वाईट सल्ला नसेल. आवडत्या काळात माणूस पाहुण्यासारखा वावरतो. पगड्या न्याहाळतो, नथी मोजतो, हंड्या-झुंबरांखाली रेंगाळतो आणि मुडदा तसाच पडून राहतो. मराठी ऐतिहासिक कादंबरीला हे रेंगाळणे फार मानवले, कारण तिला दरबार भरवायचा होता. रहस्यकथेला दरबार उठल्यावरचा दिवाणखाना लागतो. लोडाखाली काय सापडले, कोणाचा पेला रिकामा नव्हता, कोण निरोप न घेता उठून गेले, एवढ्यावर तिचे पोट भरते.

मी राहतो बिर्लानगरात. पहिला मोह अर्थातच दारातला होता. घनश्यामदास बिर्लांनी १९२१ मध्ये इथे जियाजीराव कॉटन मिल्स उभी केली आणि हजिऱ्यापलीकडच्या या भागाला नाव, वस्ती, रेल्वे स्टेशन, सगळे त्या गिरणीपायी मिळाले. अजूनही इथला पत्ता 'लाइन नंबर अमुक' असाच सांगतात. रिक्षावाल्याला गल्ली कळत नाही, लाइन कळते. गिरणीचा काळ रहस्यकथेला किती सोयीचा! भोंगा झाला की सारी वस्ती घड्याळ लावी. कोण कोणत्या पाळीला आत गेला, केव्हा बाहेर आला, याची नोंद फाटकावर. हजेरीचे रजिस्टर, पगाराची चिठ्ठी, सुट्टीचा अर्ज. माणूस जिवंत असल्याचा पुरावा दिवसातून चार वेळा तयार होई. संशयिताला 'त्या वेळी मी दुसरीकडे होतो' म्हणायला आणि तपास करणाऱ्याला ते खोडायला याहून चांगली जागा कुठली? पण नव्वदच्या दशकात गिरणी बंद पडली आणि तिच्याविषयी बोलणारी माणसे अजून ओट्यावर बसलेली आहेत. त्यांच्या बोलण्यातली गिरणी अजून चालू आहे. चालू असलेल्या गोष्टीचा इतिहास लिहायला गेलो तर तो दर संध्याकाळी कोणीतरी दुरुस्त करील. शिवाय गिरणीत मोडी लिहिणारा कारकून मला बसवता येईना.

दुसरा मोह सत्तावनचा, खरे तर अठ्ठावनचा. ग्वाल्हेरचा मराठी माणूस लिहायला बसला की त्याच्या बोरूला जून १८५८ ची शाई आपोआप लागते. महिन्याच्या पहिल्याच दिवशी महाराज जयाजीराव शिंद्यांची फौज त्यांना सोडून तात्या टोपे आणि राणी लक्ष्मीबाईंना मिळाली, महाराज आग्र्याला निघून गेले, शहरात पेशव्यांच्या नावाने दरबार भरला, आणि महिना संपायच्या आत राणी पडली, किल्ला इंग्रजांकडे गेला, सराफ्यात अमरचंद बांठियांना फाशी झाली. बांठिया संस्थानाचे खजिनदार. खजिना बंडवाल्या सैनिकांच्या पगारासाठी उघडला हा त्यांचा गुन्हा. सराफ्यातून जाताना आजही त्यांच्या नावापाशी लोक हात जोडतात. इतके सगळे तीन आठवड्यांत. कादंबरीकाराच्या तोंडाला पाणी सुटावे असाच हा महिना, पण माझ्या कारकुनाला तो निरुपयोगी होता. ज्या दिवसांत मुडदे मोजायला कोणाला उसंत नाही, त्या दिवसांत एका मुडद्यापुढे थांबून 'हा कसा मेला?' असे कोण विचारील? उत्तर आधीच तयार असते: लढाईत मेला. रहस्यकथेला शांतता लागते, निदान शांततेचा देखावा तरी. एक मरण खटकावे इतपत बाकीचे जगणे सुरळीत चाललेले असावे लागते.

गंगाजळीचा मोह मी लवकर आवरला. जयाजीराव १८८६ मध्ये गेले तेव्हा वारस माधवराव नऊ वर्षांचे, आणि किल्ल्यातल्या गुप्त खजिन्याचा बीजक मुलाला सांगायचा राहून गेला, ही कथा लष्करात जन्मलेल्या प्रत्येकाने आजीच्या मांडीवर ऐकलेली आहे. तिच्यात भुयार आहे, सापही आहे. पण खजिन्याच्या गोष्टीत शोध एका जागेचा असतो, मला शोध हवा होता एका माणसाचा. आणि आग्र्याच्या किल्ल्यातल्या सत्तावनच्या खजिन्यावर कॉनन डॉयलने होम्सची एक अख्खी कादंबरी तोलली आहे. इतक्या जवळच्या गावात त्याच्यामागून फावडे घेऊन जाण्यात मजा नाही.

१९४८ विषयी फारसे बोलणार नाही. गांधीजींवर झाडलेले बेरेटा पिस्तूल ग्वाल्हेरातून मिळवलेले होते, त्या खटल्यात इथल्या एका मराठी डॉक्टरांना खालच्या कोर्टात शिक्षा झाली आणि १९४९ च्या अपिलात ते सुटले. हे सगळे कोर्टाच्या कागदांत छापलेले आहे. लष्करातल्या मराठी घरांत त्या वर्षाचा विषय निघाला की कोणीतरी उठून चहा टाकायला जाते. लेखकाने धीट असावे हे मान्य, पण ज्या जखमेवर अजून पापुद्राच आहे तिच्यावर करमणुकीचे दुकान मांडणे मला रुचले नाही. त्यावर लिहायचे तर रहस्यकथेचा आडोसा न घेता सरळ लिहावे.

याच सुमारास उंबेर्तो एकोचे एक टिपण पुन्हा वाचले. 'द नेम ऑफ द रोझ' ही मठातल्या खुनांची कादंबरी त्याने १३२७ च्या नोव्हेंबरअखेर का घडवली, हे त्याने मागाहून सांगितले आहे. त्याला पात्रांपैकी एक खरा माणूस, चेझेनाचा मिकेले, हवा होता, आणि तो डिसेंबरात आविन्योंला पोहोचलेला असतो. म्हणून गोष्ट नोव्हेंबरातच आटपायला हवी. एका प्रेतासाठी त्याला रक्ताने भरलेला रांजण हवा होता. डुकरे कापतात ती कडाक्याच्या थंडीत, आणि नोव्हेंबरात तेवढी थंडी पडायची तर मठ डोंगरावर न्यायला हवा. झाले, मठ डोंगरावर गेला. मला हे विलक्षण आवडले. वर्ष एका पाहुण्याने ठरवले, जागा डुकरांनी. खुणांवरून तर्क करणारा साधू हवा म्हणून रॉजर बेकननंतरचे शतक हवे, हेही त्याने सांगितले आहे. त्याच्या आधीच्या शतकात असा तपास करणारा माणूस त्याला सापडलाच नसता. अगाथा ख्रिस्तीने एक खून चार हजार वर्षांमागच्या इजिप्तमध्ये नेला, तेव्हा तिने ओळखीच्या पंडिताला भंडावून सोडले ते राजवंशांच्या यादीसाठी नव्हे; लोक काय खात, कुठे बसून खात, असल्या प्रश्नांसाठी.

तेव्हा मी प्रश्न बदलला. कोणता काळ सुंदर, हे विचारणे सोडले. कोणत्या काळात माझ्या कारकुनाने लिहिलेला कागद कोणाच्या तरी जिवावर उठेल, हे विचारू लागलो. कागद जीवघेणा होतो तो तोंडी साक्षीचा भाव उतरू लागलेला आणि लेखी पुराव्याचा भाव अजून पुरता ठरलेला नसतो अशा मधल्या वेळी. तार आली आहे, रेल्वे आलेली नाही. रसायनशास्त्र पेल्यातले विष ओळखते, पण पेला कोणी धरला ते सांगू शकत नाही. बोटांचे ठसे जपून ठेवणारी कचेरी कलकत्त्यात १८९७ साली निघाली. तिच्याआधी माणूस म्हणजे त्याला ओळखणाऱ्यांची आठवण, एवढेच. आणि ग्वाल्हेरात रेल्वे आली १८८१ च्या सुमारास. या दोन्ही तारखांच्या अलीकडे, पण सत्तावनचा धूर विरल्यावर. बोट आपोआप एका वर्षावर येऊन थांबले.

ऑक्टोबर १८७४. जयाजीराव शिंद्यांनी ग्वाल्हेरात एका माणसाला पकडून मोरारच्या छावणीतल्या इंग्रजांच्या हवाली केले. हा नानासाहेब पेशवा आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

पंधरा वर्षे झाली होती. नानासाहेब नेपाळच्या तराईत दिसेनासे झाले ते झालेच. त्यांच्या शिरावर एक लाखाचे बक्षीस होते आणि गावोगाव पाठवलेला हुलिया. रंग, बांधा, चेहऱ्याची ठेवण. पायाच्या अंगठ्यावर नस्तराचा व्रण. आणि सतत सोबत असणारा, कान कापलेला एक नोकर. हा कापल्या कानाचा नोकर वाचताच मी वही मिटून बाहेर फिरायला गेलो. इंग्रज सरकारच्या रुक्ष जाहिरातीत एवढे तयार पात्र सापडणे म्हणजे लेखकावर दैव प्रसन्न होणे. पेशव्याला दाढी वाढवता येते, भगवे घालता येते, वजन उतरवता येते. त्या नोकराने कान कुठे लपवावा?

पकडलेल्या माणसाने आधी आपण नाना असल्याचे कबूल केले, पुढे ती कबुली फिरवली. त्याला कानपुरास नेले. सत्तीचौरा घाटावरच्या कत्तलीतून जिवंत सुटलेल्या मूठभरांपैकी एक मौब्रे थॉमसन, आणि कानपूरचे जुने डॉक्टर ट्रेसिडर, ज्यांनी नानांना जवळून पाहिले होते, अशांच्या पुढे त्याला उभे केले. नाना १८२४ चे, म्हणजे या वेळी पन्नाशीचे. समोरचा माणूस त्या वयाचा वाटेना. शेवटी सरकारने ठरवले, हा नाना नव्हे.

ग्वाल्हेरातल्या कोणाला विचारता आले असते? दुसऱ्या बाजीरावांची मुलगी बयाबाई इथल्या आपट्यांच्या घरात दिलेली होती. नाना तिचा दत्तक भाऊ. म्हणजे कानपुराहून गोरे साहेब शोधून आणले जात होते, आणि ज्या घरात तो चेहरा ओळखणारी माणसे असण्याचा संभव सर्वांत जास्त, ते घर याच गावात होते. त्या घरात त्या दिवसांत कोण काय बोलले असेल, याची कल्पना करायला मला कुठल्या दफ्तराची गरज नाही. 'तो आहे' म्हटले तर भाऊ फासावर. 'तो नाही' म्हटले तर महाराज खोटे. अशा घरातून एखादे पत्र निघाले असेल तर ते लिहायला कारकून लागलाच असेल.

इथे माझ्या मोडीनवीसाच्या बोटांवरची शाई पहिल्यांदा खरी वाटली.

तारखांचा हिशेब मागे नेत पंचांग मांडले. १० ऑक्टोबरला अमावास्या, सूर्यग्रहणाची. म्हणजे दसरा २० तारखेच्या आसपास, आणि अटकेची बातमी त्याच दिवसांतली. शिंद्यांचा दसरा म्हणजे शमीपूजन, सोने लुटणे, साऱ्या सरदारांची हजेरी. पाहुणे, भाट, गोसावी, बैरागी, शहरात कोण आले कोण गेले याचा पत्ता लागू नये असे दिवस. ओळख लपवणाऱ्यालाही सोयीचे, ओळख शोधणाऱ्यालाही. दुसरीकडे जयविलास राजवाडा त्याच साली पुरा होत होता. मायकेल फिलोज त्याचा रचनाकार. झुंबरे टांगण्याआधी छत पारखायला हत्ती वर चढवले, ही आख्यायिका इथे प्रत्येक पाहुण्याला ऐकवली जाते. मला हत्तींपेक्षा गवंडी महत्त्वाचे वाटतात, चुन्याच्या घाणीवरचे मजूर, खोक्यांतून काचसामान उतरवणारे हमाल, एका सहीवर रात्री आत-बाहेर करणारे मुकादम. आणि या सगळ्याच्या डोक्यावर किल्ला, ज्यावर तेव्हा इंग्रजी पलटण होती आणि १८८६ पर्यंत राहणार होती. ज्या राजाच्या घराकडे परक्यांच्या तोफा खाली वाकून पाहतात, त्याच्या दिवाणखान्यात लोक हळूच बोलतात. हळू बोलणारे घर मला हवेच होते.

वर्ष ठरवून झाले असे वाटले, तेव्हाच त्या वर्षाने आणखी एक दार उघडले.

९ नोव्हेंबर १८७४, दिवाळीचेच दिवस. बडोद्याचा रेसिडेंट कर्नल फेअर सकाळी फिरून आला, त्याने पपनसाच्या सरबताचे एकदोन घोट घेतले, मळमळू लागले, आणि उरलेले व्हरांड्यातून बाहेर फेकले. पेल्याच्या तळाशी गाळ राहिला होता. मुंबईच्या रसायन-परीक्षकांना त्यात सोमल आणि हिऱ्याची पूड सापडली. मल्हारराव गायकवाडांवर विषप्रयोगाचा आरोप आला. मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक साउटर तपासाला आले, रेसिडेन्सीचे नोकर फुटले, महाराजांचा खाजगी कारभारी दामोदरपंत माफीचा साक्षीदार झाला, आणि रावजी नावाच्या हवालदाराच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली. की ठेवली? बचावासाठी लंडनहून आलेल्या सार्जंट बॅलंटाइनने हाच प्रश्न लावून धरला. हा बॅलंटाइन कोण? काही वर्षांपूर्वी टिचबोर्न घराण्याचा हरवलेला वारस म्हणून उभ्या राहिलेल्या माणसाचे वकीलपत्र लंडनच्या दिवाणी कोर्टात त्याच्याकडे होते. तो वारस तोतया ठरून त्याला फेब्रुवारी १८७४ मध्ये चौदा वर्षांची शिक्षा झाली. एकाच वर्षात लंडनला एक तोतया, ग्वाल्हेरला एक तोतया. आणि लंडनच्या तोतयाचा जुना वकील बडोद्याच्या विषाच्या खटल्यात. कादंबरीत मी अशी जुळणी केली असती तर संपादकाने पान लाल केले असते.

पण खरा धक्का पुढे आहे. मल्हाररावांची चौकशी करायला सहा जणांचे कमिशन बसले. तीन इंग्रज: कूच, मीड, मेलव्हिल. तीन हिंदी: जयपूरचे महाराज, ग्वाल्हेरचे जुने दिवाण सर दिनकरराव, आणि जयाजीराव शिंदे. तेच जयाजीराव. ऑक्टोबरात त्यांनी एका माणसाकडे बोट करून 'हाच तो' म्हटले. मग ती ओळख सरकारदरबारी खोटी ठरली, देशविलायतेच्या वर्तमानपत्रांत गाजली. आणि फेब्रुवारीत त्यांनाच दुसऱ्या एका राजावर 'हाच तो' म्हणायचे की नाही, हे ठरवायला बसवले. तीन इंग्रजांनी दोष सिद्ध मानला. तीन हिंदींनी मानला नाही. निकाल तीन विरुद्ध तीन. सरकारने एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना गैरकारभाराच्या कारणावर पदच्युत केले आणि मद्रासला पाठवले. मे महिन्यात सयाजीराव गादीवर आले.

इतिहासकार सांगतील, हिंदी राजांनी हिंदी राजाला वाचवले, त्यात नवल काय? बरोबर असेल. मला मात्र जयाजीरावांच्या मताकडे पाहताना मोरारच्या वाटेवरून नेला जाणारा तो अनोळखी माणूस दिसतो. खात्री किती स्वस्त असते आणि ती मोडली की कशी अंगाशी येते, हे कमिशनवरच्या सहांपैकी एकालाच त्या वर्षी स्वानुभवाने कळले होते. दिनकररावांसारख्या मुरलेल्या दिवाणाला ते आधीच माहीत असावे, ती गोष्ट निराळी. हे मी सिद्ध करू शकत नाही, करायला निघालोही नाही. कादंबरीकाराला एवढी मुभा असते. दफ्तरात दोन कागद वेगवेगळ्या रुमालांत बांधलेले असतात, ते तो एका रात्री शेजारी ठेवून पाहतो.

आपल्याकडे हे तोतयांचे दुखणे जुनेच आहे. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले की नाही, यावर अख्खे पुणे वर्षानुवर्षे दुभंगले. पार्वतीबाईंनी कुंकू पुसले नाही. आणि सुखनिधान नावाच्या कनोजी ब्राह्मणाने भाऊ म्हणून कोकणात फौज उभी केली, तोवर त्याला खरा मानणारे निघालेच. १७७६ च्या डिसेंबरात त्याला पुण्यात मारले. त्याच्यावर महादजी शिंदेही धावून गेले होते. केळकरांनी त्या बंडाचे नाटक केले. म्हणजे शंभर वर्षांच्या अंतराने शिंद्यांच्या घरापुढे दोनदा हाच प्रश्न उभा राहिला, एकदा भाऊंच्या नावाने, एकदा नानांच्या. हरलेल्या लढाईनंतर लोक परत येणाऱ्यांची वाट पाहतात. वाट पाहणारे असले की येणारेही मिळतात. नानांच्या तोतयाच्याच दिवसांत फ्रान्समध्ये ज्यूल व्हेर्न आपल्या कॅप्टन नेमोची खरी ओळख वाचकांना सांगत होता, आणि तो निघाला बुंदेलखंडचा राजपुत्र, सत्तावनमध्ये हरलेला! पुढे १८८० च्या एका कादंबरीत व्हेर्नने खुद्द नानांनाच खलपुरुष केले. फ्रान्सात बसून त्याने आमच्या शेजारचा मुलूख निवडला, मला तर पायी जाता येते.

वर्ष नक्की झाल्यावर खरे काम सुरू झाले, आणि त्यात तलवारी कुठे नव्हत्या. विष्णुभट गोडसे वरसईकरांचे 'माझा प्रवास' उशाशी आणून ठेवले. बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची दक्षिणा मिळावी म्हणून निघालेला हा भिक्षुक सत्तावनच्या गर्दीत सापडला, आणि परतल्यावर त्याने जे लिहिले त्यात राजकारणाइतकेच फराळ, मुक्काम, भाडे आणि चोरांची भीती आहे. रहस्यकथेला तोच तपशील हवा. कारकुनाचा कागद कसला, काल्पीचा की विलायती? ओल्या शाईवर वाळू टाकली तर ती जमिनीवर सांडलेली दिसायला हवी. खुन्याने कागद नेले, वाळू झाडली का? रात्री कोणत्या पहरापर्यंत समई जळते, तेल कोण घालते? मोरारहून तार गेली तर कलकत्त्याला काही तासांत, माणूस मात्र चंबळ ओलांडून आग्र्यापर्यंत गाडी-घोड्याने. या दोन वेगांच्या मधल्या फटीत माझी सारी गोष्ट बसते. तारेने आदेश येऊन पोहोचलेला आहे आणि ज्याच्याविषयी तो आहे, तो माणूस अजून धोलपूरच्या अलीकडे आहे.

शोध घेणारा कोण, हा शेवटचा तिढा. संस्थानी पोलीस खात्यात मराठी माणसे पुढे पुष्कळ झाली. श्योपूरला जन्मलेले कवी मुक्तिबोध अशाच एका अधिकाऱ्याचे चिरंजीव. पण १८७४ चा कोतवाल महाराजांच्या खात्रीविरुद्ध चौकशी करणार नाही, आणि इंग्रज अधिकाऱ्याला मोडी येत नाही. मला महाराजांचे मीठ न खाणारे, तरी आतल्या घरांत वावरणारे कोणीतरी हवे होते. चिटनीसांची गोठ या मोहल्ल्यात राहणाऱ्या आत्याला हा पेच सांगितला. तिने आधी दटावले.

"हे बघ, आमच्या गोठीतलं कोणी त्या खुनात घालू नकोस. लोक वाचतात आणि मग लग्नकार्यात विचारतात."

"नावं बदलीन गं, आत्या."

"नावं बदलून काय होतं? इथे वाड्यावरून माणूस ओळखतात."

मग मी विचारले, त्या काळी कोणी बाई रात्रीची एकटी घराबाहेर पडू शकली असती का? कोणाच्या नजरेत न येता?

ती हसली. "विधवा बाई कीर्तनाला गेली तर तिला कोण अडवणार? ढोलीबुवांच्या मठातून परतायला मध्यरात्र व्हायची, असं आमच्या आजेसासूबाई सांगत. आलवणातली बाई भिंतीला लागून चालली की कोणी मान वर करून बघत नसे. आणि येता-जाता कुणाच्या घरी दिवा आहे, कुणाच्या नाही, सगळं त्यांना पाठ असे."

आत्याने भाजीची परात पुढे ओढली आणि विषय संपवला. मी मात्र तिथेच बसून कारकुनाच्या खोलीसमोरून जाणाऱ्या रस्त्याचा नकाशा काढू लागलो, मठापासून गोठीपर्यंत. वाटेत किती वाडे, कोणाच्या ओसरीवर पहारा, कोणत्या खिडकीतून समई दिसते. बाईचे वय चाळीस धरले. तिला मोडी वाचता येते, हे घरात कोणाला माहीत नाही. नवरा चिटनिशीत होता, त्याच्या शेजारी बसून ती शिकली. कीर्तन आटोपून येताना रोज दिसणारी एक समई त्या रात्री विझलेली होती, आणि दाराशी उभा असलेला माणूस डोक्याला मुंडासे घट्ट, फार खाली, दोन्ही कानांवरून गुंडाळून होता. ऑक्टोबराच्या उकाड्यात.